गरीब देशांत सीएमएलच्या (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) रुग्णांना 'पेशी नॉर्मल आल्या, मग महागडी पीसीआर कशाला?' हे कसं समजवावं?

गैरसमजाचं मूळच तिथे आहे. इमॅटिनिब (सीएमएलची गोळी) सुरू झालं की पांढऱ्या पेशी बहुधा काही आठवड्यांत आटोक्यात येतात, पण हा आजार घडवणारं बीसीआर-एबीएल जनुक उरलेलं असतंच. ते किती उरलंय हे सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) कळत नाही, त्यासाठी क्वांटिटेटिव्ह पीसीआरच (जनुकाचं प्रमाण मोजणारी चाचणी) लागते. माहितीपत्रकं वाटण्यापेक्षा रुग्णाच्या औषधाच्या कार्डावरच बीसीआर-एबीएलच्या प्रमाणाचे तीन आकडे लिहून द्या: ३ महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, वर्षाने ०.१ टक्के किंवा कमी. रिपोर्टवर 'इंटरनॅशनल स्केल' (सगळ्या लॅबसाठी एकच मोजपट्टी) नसेल तर दोन लॅबचे आकडे ताडून पाहू नका.

आकडा वाढला तर आधी गोळ्या चुकल्या का ते विचारा (बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं), मग चाचणी पुन्हा करा, त्यानंतर म्युटेशन (औषध निकामी करणारा जनुकातला बदल) तपासा.

खर्चाचं म्हणाल तर टीबीसाठी आलेलं जीनएक्सपर्ट मशीन अनेक ठिकाणी आहे. त्यातच बीसीआर-एबीएलचं वेगळं कार्ट्रिज चालतं. फक्त ते बीसीआर-एबीएलचा पी२१० हा एक प्रकारच ओळखतं, म्हणून निदानाच्या वेळी प्रकार नक्की करून घ्या.

रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतच घ्यावं. हेपरिनमुळे पीसीआर बिघडते. ही चाचणी ज्यावर चालते तो आरएनए लवकर नासतो, त्यामुळे नमुना शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. उशीर झाला की कंट्रोल जीन (तुलनेसाठी मोजलेलं जनुक) कमी भरतं आणि 'आढळलं नाही' हा निकाल फसवा ठरू शकतो. रुग्णांइतकंच हे नमुना घेणाऱ्यांनाही शिकवा.