लेकीच्या एअर रायफलसाठी ५८ हजारांचा कॉम्प्रेसर घ्यावा का?

नमस्कार सर,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना विषय कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही गडहिंग्लज भागात शाळेवर शिक्षक आहात, लेक नववीत आहे, दीड वर्षापासून १० मीटर एअर रायफल खेळतेय आणि मन लावून खेळतेय. रायफल सेकंडहँड घेतली आहे, २०१८ चं मॉडेल. रेंज घरापासून दहा मिनिटांवर, तिथे कोचकडे एक मोठा सिलेंडर आहे, त्यातून रायफलला लावलेल्या छोट्या सिलेंडरमध्ये हवा भरून देतात आणि एका फिलिंगचे ६० रुपये घेतात. पण तो मोठा सिलेंडर रिकामा झाला की कोल्हापूरला भरायला जातो आणि कधीकधी आठ-आठ दिवस येतच नाही, तेवढे दिवस पोरगी नुसती ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न मारता नेम धरायचा सराव, करत बसते. म्हणून तुम्हाला घरीच हाय प्रेशर कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, फिल्टर आणि होसपाईपसकट कोटेशन ५८,००० चं आलंय, आणि त्यासाठी १ लाख २० हजारांची एफडी मोडायची की नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा असं तुम्ही विचारलंय. शिवाय मेव्हण्यांनी वर्कशॉपमधला गॅसचा सिलेंडर वापरायचा पर्याय सुचवलाय.

मेव्हण्यांचा मुद्दा पहिला घेतो कारण तो पैशाचा नाहीच, जिवाचा आहे. वर्कशॉपमधला ऑक्सिजन रायफलमध्ये कधीही, कोणत्याही परिस्थितीत भरायचा नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा अंश एकत्र आले की ठिणगीची गरज लागत नाही, आपोआप पेट घेऊ शकतं, आणि हे सगळं पोरीच्या गालाला चिकटलेलं असणार आहे. नायट्रोजनचं तसं नाही, तो पेट घेत नाही, रायफल त्यावर चालते, पण इंडस्ट्रियल नायट्रोजनचा सिलेंडर आपल्याकडे साधारण १५० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला असतो आणि रायफलला २०० बार लागतो, म्हणजे तिथेही अर्धवटच भरणार. तेव्हा तो विषय बंद करा आणि मेव्हण्यांना पण नीट समजावून सांगा, त्यांनी चांगल्या मनानेच सुचवलंय.

आता २०० बार म्हणजे किती हे जरा डोळ्यासमोर आणा. २०० बार म्हणजे साधारण २,९०० पीएसआय. आपल्या कारच्या टायरमध्ये ३०-३५ असते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दीडशेच्या आसपास दमतो. म्हणून हे मशीन वेगळं असतं, महाग असतं आणि नाजूकही असतं, हे लक्षात ठेवून पुढचा हिशेब वाचा.

लेक रोज ९० च्या आसपास शॉट मारते, आठवड्यातले साडेपाच दिवस धरले तर आठवड्याला ५०० शॉट. एका पूर्ण फिलिंगवर मॅच रायफल २५० शॉट तरी आरामात देते, बऱ्याच रायफली जास्तही देतात पण आपण कमीच धरू. म्हणजे आठवड्याला दोन फिलिंग, सुट्ट्या-परीक्षा वजा जाता वर्षाला १००. साठ रुपयांनी वर्षाचे ६,०००.

कॉम्प्रेसर ५८,००० चा, पाच वर्षं चालला असं धरलं तर वर्षाला ११,६०० झिजले. एफडीवर ७ टक्के मिळत असतील तर बुडालेलं व्याज ४,०६०. फिल्टरमधला माल, सील, ओ रिंग, तेल, कधीतरी पिस्टन रिंग, याला मी वर्षाला ४,००० धरतो. वीज जवळपास काहीच नाही, वर्षभरात दहा-पंधरा युनिट. बेरीज करा, १९,६६० होतात. भागिले १०० फिलिंग. घरची म्हणून जी हवा आपल्याला फुकट वाटते ती एका वेळेला जवळपास दोनशे रुपयांना पडते, आणि रेंजवर ती साठला मिळते. बरं मशीन दहा वर्षं चाललं असं मानलं तरी १३८ च्या खाली येत नाही.

आता तुम्ही म्हणाल सर, साठ रुपयांचं दुखणं नाहीच आहे, आठ दिवस बुडतात त्याचं आहे. बरोबर आहे, आणि तुमचा मेल दुसऱ्यांदा वाचताना माझ्या हेच लक्षात आलं. नळाला दोन दिवसांआड पाणी येतं म्हणून कोणी लगेच दारात बोअर मारत नाही, आधी टाकी बसवतो. तुमच्याकडे टाकी एकच आहे, रायफलला लावलेली. त्याच रायफलचा दुसरा सिलेंडर घ्या, तुम्हीच लिहिलंय की डीलर नवीन ओरिजिनल २२,००० ला सांगतोय. दोन सिलेंडर भरलेले असले की ५०० शॉट हाताशी, म्हणजे अख्खा आठवडा. कोचचा मोठा सिलेंडर ताजा भरलेला असतानाच एक पूर्ण भरून राखून ठेवायचा, दुसरा मोठा सिलेंडर कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी मिळेल तेवढा भरून घ्यायचा, त्या आठ दिवसांतले बरेचसे निघून जातात. ५८ हजारांचा प्रश्न २२ हजारांत सुटतो, आवाज नाही, तेल नाही, बिघाड नाही.

आणि ह्या २२ हजारांबद्दल अजून एक गोष्ट जी तुम्हाला बहुतेक कोणी सांगितलेली नाही. रायफलच्या सिलेंडरला मुदत असते, आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, नियमाप्रमाणे उत्पादकाने दिलेली मुदत पाळायची, जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती पाळायची जबाबदारी खेळाडूची. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्याच्या तपासणीला, तारीख बघू शकतात. तुमची रायफल २०१८ ची आहे, सिलेंडरही त्याच वर्षीचा असला तर २०२८ ला तो बाद होणार, कितीही चकचकीत दिसू दे. म्हणजे नवा सिलेंडर तुम्हाला घ्यायचाच आहे, तुम्ही फक्त आधी घेताय. हा खर्च टळणारा नाही, कॉम्प्रेसरचा टळू शकतो, ह्या दोन खर्चांची जात वेगळी आहे.

ह्याच कारणासाठी जुना सिलेंडर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. नवीन २२ हजारांचा दहा वर्षं चालला तर वर्षाला २,२०० पडतो. आठ हजारांत कोणी देत असेल आणि मुदत वर्षभराचीच उरली असेल तर तो तुम्हाला वर्षाला आठ हजारांना पडला. आणि मॉडेलला बसतो का, थ्रेड तोच आहे का, हे डीलरकडून बिलावर लिहून घ्या.

हँडपंपचं पण लिहितो कारण खूप पालक तिकडेच वळतात. माझ्या एका क्लायंटच्या घरी मी स्वतः बघितलंय, पुण्यात, ऐन जुलैमध्ये. वडील अंगाने बऱ्यापैकी भरलेले, पंपाच्या पायावर दोन्ही पाय रोवून उभे, शंभर बारपर्यंत गप्पा मारत मारले, दीडशेनंतर गप्पा बंद, शेवटी शेवटी तर प्रत्येक स्ट्रोकला अख्खं अंग हँडलवर टाकत होते. शंभराच्या वर स्ट्रोक झाले असतील, मधे दोनदा थांबावं लागलं कारण खालची नळी हात लावू देईना. आणि मग ब्लीडचा स्क्रू, म्हणजे नळीतली उरलेली हवा सोडायचा, सोडला तेव्हा त्यांनी समोर पांढरा रुमाल धरला, त्यावर पाण्याचा शिंतोडा उठला, थेंब दिसत होते स्पष्ट. ते पाणी हवेतलं, आपण हवा दाबली की ओलावा पाणी होऊन बाहेर पडतो, आणि पंपाला चांगला फिल्टर नसेल तर त्यातलं काही रायफलमध्ये जातं, रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हपर्यंत. तुमच्याकडचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगायचा. म्हणून पंप अडीअडचणीला ठीक, आणि पंप मारायचं काम तुमचं, लेकीचं नाही, मॅचच्या आदल्या दिवशी तिच्या खांद्याने शंभर स्ट्रोक मारायचे म्हणजे सगळ्या प्रॅक्टिसवर पाणी.

त्याच क्लायंटने पुढे छोटा कॉम्प्रेसर घेतला, तुम्हाला कोटेशन आलंय साधारण तसलाच, गार पाण्याची बादली शेजारी ठेवून पाणी फिरवायचा. चालतो, मी नाही म्हणत नाही. पण राज्य स्पर्धेच्या चार दिवस आधी त्याचं सील गेलं, विकणाऱ्याने पार्ट मागवलाय मागवलाय करत तीन आठवडे काढले, आणि शेवटी हे लोक पुन्हा रेंजवरच फिलिंगला उभे राहिले. म्हणजे मशीन असलं तरी दुसरी सोय लागतेच. हे मशीन थोडा वेळ चालवायचं, गार होऊ द्यायचं, पाणी काढायचं, अशा वापराचं आहे, ते समजून घेणारा माणूस घरात हवा.

आता रेंजवरची एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की कधीकधी १६० वरच भरणं थांबतं आणि कोच म्हणतात एवढंच होईल. कोच फसवत नाहीयेत. मोठ्या सिलेंडरमधून हवा भरणं म्हणजे दोन टाक्या पाईपने जोडण्यासारखं आहे, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की प्रवाह थांबतो. मोठा सिलेंडर १२ लिटरचा, २०० बारला भरलेला असला तर एका पूर्ण फिलिंगला तो दीडेक बार उतरतो, सहा मुलं आठवड्याला दोनदा भरत असतील तर आठवड्यात पंधरा-वीस बार खाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला १५०-१६० च मिळणार. रायफल तुम्ही ८० ला आल्यावर भरायला नेता असं धरलं तर २०० पर्यंत १२० बारचा माल मिळतो आणि १६० पर्यंत फक्त ८० चा, पैसे मात्र साठच. म्हणजे खरा दर नव्वद झाला. म्हणून सिलेंडर ताजा भरून आला की पहिल्या दोन दिवसांत जायचं, आणि हळू भरायला सांगायचं, घाईने भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि घरी येईपर्यंत गार होऊन खाली उतरलेला असतो.

याच्यावरचा चांगला उपाय रेंजवरच आहे आणि मला तो मनापासून आवडतो. सहा पालकांनी प्रत्येकी ५,००० आगाऊ द्यायचे, ३०,००० जमतात, त्यात आणखी भर घालून कोचनी दुसरा मोठा सिलेंडर घ्यायचा, जमल्यास ३०० बारचा, म्हणजे रायफल कितीतरी दिवस पूर्ण २०० पर्यंत भरत राहील. एक कोल्हापूरला गेला की दुसरा रेंजवर. तुमचे पाच हजार फिलिंगमध्ये वळते होत जातील, दहा महिन्यांत फिटले. फक्त कोल्हापूरला ३०० पर्यंत भरून मिळतं का हे आधी विचारायला सांगा, सिलेंडर मान्यताप्राप्त आहे का आणि त्याच्या खांद्यावर हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख ठोकलेली आहे का ते बघा, आणि कोणी किती दिले ते एका कागदावर सह्या करून ठेवा. ओळखीत व्यवहार कागदावर असला की ओळख टिकते, हे मी रोज बघतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की कॉम्प्रेसर घेऊन बाकीच्या मुलांना भरून देऊ, खर्च निघेल. ह्या भरवशावर अजिबात घेऊ नका. गॅस सिलेंडर्स रूल्स २०१६ मध्ये ५०० मिलीलिटरपेक्षा मोठा बाटला आला की तो सिलेंडर धरला जातो आणि तो भरायला लायसन्स लागतं, ते बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलेंडरच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. रायफलचा सिलेंडर त्याहून खूप लहान असतो, पण कोणी मोठा बाटला घेऊन दारात आला की तुम्ही नियमात अडकलात. आणि नियम बाजूला ठेवा, दुसऱ्याच्या मुलाच्या हातातला मुदत संपलेला सिलेंडर तुमच्या अंगणात भरताना काही झालं तर? महिन्याच्या चार-पाचशे रुपयांसाठी हे ओझं एका शिक्षकाने घेऊ नये.

पैसे कुठून आणायचे? एफडीला हात लावू नका. १ लाख २० हजार ही तुमची एकमेव हाताशी असलेली रक्कम आहे, घरात आई आजारी असतात असं तुम्हीच लिहिलंय, ती एफडी तुमच्यासाठी दवाखान्याची पिशवी आहे. अगदीच वेळ आली तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंच जास्त असतं. नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो म्हणून ते दिसत नाही, पण क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, शिवाय रोख घेतलं असतं तर भाव खाली आला असता तो वेगळाच. तुम्हाला महागाई भत्त्याच्या फरकाचे २४,००० येणार आहेत ना, त्यातून सिलेंडर घ्या. फरक लांबला तर महिन्याला ३,००० ची आरडी, आठ महिन्यांत जमतात.

कॉम्प्रेसरची वेळ येईल का? येऊ शकते. लेक राज्यातून पुढे गेली, रोजचे शॉट दुप्पट झाले, घरी १० मीटरची लेन केली, रेंज बंद पडली, तर पुन्हा बसू आणि नव्याने बघू. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला ह्याच १० मीटर एअर रायफलमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, आपल्या कोल्हापूरच्या मुलींनी तर नेमबाजीत काय काय केलंय ते तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा लेकीच्या खेळावर खर्च करताना तुमचं मन मागे-पुढे होत नाही हे मला कळतं आणि पटतंही. त्यामुळेच वाचलेले ३६,००० मी कपाटात ठेवायला सांगत नाही. त्यातले जसे जमतील तसे चांगल्या मॅच पेलेटवर (स्पर्धेच्या छर्ऱ्यांवर), तिच्या मापाच्या जॅकेटवर आणि वर्षाला दोन-तीन बाहेरच्या स्पर्धांच्या प्रवासावर घाला. नववीतली पोरगी आहे, उंची वाढतेय, जॅकेट लवकरच आखूड होणार.

तूर्त एकच करा. आज संध्याकाळी रायफलवरच्या सिलेंडरची तारीख टॉर्च लावून वाचा, महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, आणि मला कळवा. रायफल २०१८ ची असली तरी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने सिलेंडर बदललेला असू शकतो किंवा त्याहून जुना बसवलेलाही असू शकतो. मुदत संपत आलेली निघाली तर आरडीचे आठ महिने थांबायचं नाही, फरकाची वाट न बघता नवा आधी घ्यायचा, आणि मग दुसऱ्याचं बघू.