हृदयरुग्णाचा आहार लिहून घेताना

छापील प्रश्नावलीत पोळी, भात, वरण, भाजी एवढंच असतं. मुंबईच्या ओपीडीत तेवढ्यावर भागत नाही. ‘काल दिवसभरात काय खाल्लंत?’ हा प्रश्न ठीक, पण तो काल एकादशीचा होता की रोज्याचा, हे आधी विचार. नाहीतर साबुदाण्याची खिचडी त्या माणसाचं रोजचं जेवण म्हणून नोंदली जाईल.

तेलाचं ‘दोन चमचे’ हे उत्तर लिहूच नकोस. महिन्याला घरात किती तेल येतं आणि जेवणारी माणसं किती, ते विचार. चार माणसांत चार लिटर म्हणजे माणशी रोज साधारण ३३ मिली. तूप, लोणी, खोबरं वेगळं. आणि हे रुग्णाला नाही, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचार.

मीठ जास्त लपतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. कोळी घरात सुके बोंबील, सुकट. गुजराती घरात फरसाण, पापड, छुंदो. नाव घेऊन विचारलंस तरच कळतं. उपवासाच्या सैंधवातही सोडियम असतंच.

वॉरफॅरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध, घेणाऱ्यांकडे जास्त लक्ष दे. बरीच जैन मंडळी चातुर्मासात पालेभाज्या सोडतात. पालेभाज्यांतून मिळणारं व्हिटॅमिन के अचानक घटलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढू शकतो, रक्तस्रावाचा धोका असतो. अशी नोंद त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

घरच्या वाट्या आणायला सांग, पाण्याने मोजून घे. आणि खाण्यावरून कुणाला ओशाळं वाटेल असं काही बोलू नकोस. पुढच्या वेळी ते खरं सांगणार नाहीत.