'सीझन'साठी ऋतू, मोसम, पर्व की हंगाम?

एका अनुवादकाने विचारले आहे की, अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ) संघाच्या १९२४ च्या 'सीझन'विषयी मराठीत लिहिताना ऋतू, मोसम, पर्व आणि हंगाम यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि एकही सामना न हरलेल्या या संघाला 'अजिंक्य' म्हणावे की 'अपराजित'. कोशात हे शब्द शेजारी शेजारी दिसले तरी त्या वर्षी प्रत्यक्ष काय घडले ते समोर ठेवले की निवड फारशी अवघड राहत नाही.

'ऋतू' आधी बाजूला काढू. तो निसर्गाचा शब्द आहे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोटर डेमने आर्मीचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाचा, १३-७ असा पराभव केला. त्या सामन्याचे वृत्त देताना क्रीडा पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी शरदातील निळ्या-करड्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर नोटर डेमच्या स्टुलड्रेहर, मिलर, क्राउली आणि लेडन या चौघा खेळाडूंना बायबलमधील चार घोडेस्वारांची उपमा दिली, आणि ते नाव चौघांना आयुष्यभर चिकटले. त्या आकाशाला 'ऋतू' शोभतो. ऑक्टोबर ते जानेवारी या काळातील सामन्यांच्या मालिकेला तो शोभत नाही.

'पर्व' हा शब्द आयपीएलमुळे रुळला आहे आणि तिथे तो योग्यही आहे. पर्व म्हणजे मुळात पेर, सांधा. एकाच लांब वस्तूचे क्रमाने येणारे भाग असतील तरच तो शब्द अर्थपूर्ण ठरतो, म्हणूनच महाभारताची पर्वे असतात आणि एकाच स्पर्धेचे दहावे किंवा बारावे पर्व असते. १९२४ मध्ये मात्र अशी स्पर्धाच नव्हती. नोटर डेमचा संघ कोणत्याही महाविद्यालयीन गटाचा सदस्य नव्हता. प्रशिक्षक क्नूट रॉकनी यांचा संघ कधी प्रिन्स्टनला, कधी विस्कॉन्सिनला जाऊन खेळत असे, आणि प्रतिस्पर्धी परस्पर बोलणी करून ठरत. ज्याला साखळी नाही त्याला पर्व कसले?

खरा प्रश्न मोसम आणि हंगाम यांच्यातला आहे. 'मोसम' अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ ठरलेली वेळ, जत्रेचा किंवा यात्रेचा काळ असा आहे, आणि इंग्रजीतला 'मॉन्सून' हाही त्याच शब्दाचा वंशज. गोव्यातील मराठी दैनिके फुटबॉलच्या बातम्यांत 'मोसम' सर्रास वापरतात आणि त्याला चूक म्हणण्याचे काही कारण नाही. तरीही माझा कौल फारसीतून आलेल्या 'हंगाम'ला आहे. मराठीत मोसमाचा ओढा हवेकडे आहे, तर हंगामाचा कामाकडे: खरीप हंगाम, आंब्याचा हंगाम, गाळप हंगाम. हंगाम सुरू होतो, भरात येतो, संपतो, आणि शेवटी त्याचा हिशेब मांडता येतो. नोटर डेमचा हिशेब असा: दहा सामने, दहा विजय, २८५ गुण केले, ५४ दिले.

हंगामाची दुसरी सोय वर्षाच्या उल्लेखात दिसते. या संघाचा दहावा सामना कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे रोझ बोल या नववर्षदिनाच्या सामन्याच्या रूपाने झाला तो १ जानेवारी १९२५ रोजी. त्यात एल्मर लेडनने स्टॅनफर्डचे दोन पास मध्येच झेलून अनुक्रमे ७८ आणि ७० यार्ड धाव घेत टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला, आणि नोटर डेमने २७-१० असा विजय मिळवला. 'नोटर डेमने १९२४ साली दहा सामने जिंकले' असे लिहिले तर ते विधान एका दिवसाने का होईना, खोटे ठरते. '१९२४ च्या हंगामात' असे लिहिले की ते खरे होते, कारण ऑक्टोबरात सुरू झालेल्या साखर कारखान्याचा गाळप हंगाम नव्या वर्षात गेला तरी तो एकच हंगाम असतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

आता 'अजिंक्य' आणि 'अपराजित'. अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकता येणार नाही असा. अपराजित म्हणजे जो हरलेला नाही असा. पहिला शब्द सामर्थ्याविषयीचा निर्वाळा आहे, दुसरा घडलेल्या गोष्टीची नोंद. घोडेस्वार म्हणून गाजलेले ते चौघे १९२२ आणि १९२३ मध्येही संघात होते आणि दोन्ही हंगामांत नेब्रास्काकडून हरले होते, तेव्हा त्यांना अजिंक्य म्हणणे इतिहासाला धरून नाही. (१९२४ मध्ये त्याच नेब्रास्काला त्यांनी ३४-६ असे हरवले, याचा आनंद केवढा झाला असेल!) मात्र 'अपराजित' शब्दात बरोबरीत सुटलेले सामनेही बसतात, आणि त्या काळी बरोबरी होत असे, १९२२ चा आर्मीविरुद्धचा सामना ०-० असा सुटला होता. म्हणून १९२४ पुरते 'अपराजित' लिहून न थांबता 'सर्व सामने जिंकले' असे स्पष्ट लिहावे.

'अजिंक्यपद पटकावले' हा वाक्प्रचार तर इथे टाळावाच. अजिंक्यपद स्पर्धेतून मिळते. तेव्हा अंतिम सामना नव्हता आणि राष्ट्रीय विजेता कोण, हे जाणकारांच्या मतावर आणि गुणांकन पद्धतींवर ठरत असे. 'राष्ट्रीय विजेता मानला गेला' हीच नेमकी शब्दयोजना होय.

एक सावधगिरी राहिली. हंगाम घेतला तरी त्याचे विशेषण जपून वापरावे. 'हंगामी अध्यक्ष' म्हणजे तात्पुरता अध्यक्ष, त्यामुळे 'नोटर डेमचा हंगामी विक्रम' असे लिहिल्यास तो विक्रम तात्पुरता होता असा अर्थ निघू शकतो. तिथे 'हंगामातील विक्रम' असेच लिहावे.