आम्ही धुळ्याचे. ज्योतिष शून्यापासून शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू? पत्रिकेत वरच्या घरात ४ लिहिलंय, म्हणजे ते चौथं स्थान का?

नाही. वरचं मधलं घर कायम पहिलं स्थान, म्हणजे लग्न: जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. त्यातला ४ म्हणजे कर्क रास. तिथून डावीकडे उतरत मोजत जायचं. एवढं पाच मिनिटांत कळतं. पण तुमचा ४ वाचला आणि माझ्या ताईची पत्रिका डोळ्यांपुढे आली, म्हणून लिहायला बसलो. तिच्याही वरच्या घरात ४ होता, आणि तो चुकीचा होता.

आम्ही एरंडोलकडचे. ताईचा जन्म जळगावचा, वेळ नर्सबाईंनी मिनिटासकट कागदावर लिहून दिलेली. पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींनी ती वेळ जशीच्या तशी धरली. कर्क लग्न, कुंभेत मंगळ. कर्केपासून कुंभ आठवी. मुलीच्या पत्रिकेत अष्टमातला मंगळ म्हटल्यावर पुढचं कुणी वाचतच नाही.

पारोळ्याचं स्थळ आलं होतं. पसंती झाली, बस्त्याचा दिवस ठरला. मग मुलाचे मामा पत्रिका परत घेऊन आमच्या वडिलांकडे आले. "आप्पा, पोर चांगली शे, पन मंगय शे. आमले धाक वाटस." चहा न घेताच गेले. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ताई घराच्या धाब्यावर एकटी बसून होती. पुढे चार वर्षं कुठलंही स्थळ आलं की आप्पा आधी मान खाली घालून मंगळाचं सांगायचे.

मी पंचांग हातात घेतलं ते रागापोटी. घड्याळातली वेळ ही भारतीय प्रमाणवेळ, ८२½ अंश पूर्व रेखांशाची. जळगाव साधारण ७५½ अंशांवर. फरक ७ अंशांचा, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २८ मिनिटं. लग्न काढताना ती वजा करून स्थानिक वेळ घ्यायची असते. गुरुजींनी केलीच नव्हती. २८ मिनिटांत लग्न सहा-सात अंश सरकतं. ताईचं लग्न मिथुनेच्या २६ अंशांवर होतं, ते कर्केत गेलं. मिथुनेपासून कुंभ नववी. मंगळ धरतात तो १, ४, ७, ८, १२ या स्थानांत. म्हणजे ताईला मंगळ नव्हताच.

काकांना वहीतलं गणित दाखवलं, तर म्हणाले, "गुरुजींनी जन्मभर पत्रिका केल्या, तू कालचं पोर. अर्ध्या तासाने काय फरक पडतो?" काका, चार वर्षं गेली. एवढा फरक पडला.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला लग्न हाताने काढता येत नाही त्याने दुसऱ्याच्या पत्रिकेवर तोंड उघडू नये. राशी १२, प्रत्येकी ३० अंश. नक्षत्रं २७, प्रत्येकी १३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश), चार चरण. एका राशीत नऊ चरण. हे आधी पाठ करा. मग लग्न, मग चंद्राच्या नक्षत्रावरून विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्यातले ग्रहांचे कालखंड, तिची १२० वर्षं. आपलं गणित निरयन आहे, म्हणजे राशी ताऱ्यांवरून मोजणारं; वसंतसंपातापासून मोजणाऱ्या सायनाशी सध्या सुमारे २४ अंशांचा फरक. तो का पडतो हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. योग, दोष, शांती हे सगळं नंतर.

तुम्ही धुळ्याचे म्हणता, तर चाळीसगावला उतरून पाटणादेवीला जाऊन या. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, आणि शेवटच्या ओळी मराठीत आहेत. चांगदेव स्वतः यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. त्यांना मठ काढावासा वाटला तो गणित आणि खगोल शिकवायला. आपल्या खानदेशात हे झालंय, आणि आपणच वेळ वजा करायला विसरतो याचं मला फार वाईट वाटतं.

दोन गोष्टी राहिल्या. काही जण मंगळ चंद्रापासून आणि शुक्रापासूनही बघतात, त्यामुळे माझंच मोजणं शेवटचं असं म्हणणार नाही. आणि ग्रह कुठे होता हे तपासता येतं. त्याचं फल तसं तपासून कुणी सिद्ध केलेलं नाही. नवी पत्रिका दाखवली तेव्हा ताईने मला विचारलं होतं, "आणि खरंच आठव्यात असता तर?" तिचं लग्न पुढे झालं, त्या घरी पत्रिका मागितलीच नाही.

मोबाईलवरचं ॲप वेळेचा फरक स्वतः धरतं, फक्त जन्मगाव बरोबर टाका, सध्या राहता ते नव्हे. तुमचं कर्क लग्न किती अंशांवर आहे ते बघा. पहिल्या सहा-सात अंशांत असेल आणि पत्रिका हाताने केलेली असेल, तर आईकडून जन्मवेळेचा कागद मागून घ्या आणि पुन्हा मांडा.