वाचकांचे प्रश्न : लहान कॉलेजला जीवशास्त्राचा प्राध्यापक कसा हवा असतो?

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी मूळची गोव्यातल्या साखळी गावची. गोवा विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केली, विषय होता सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, झाडांच्या मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी. सध्या अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात पोस्टडॉकचे (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे) दुसरे वर्ष चालू आहे आणि माझे अकरा शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. इथल्या एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजने जीवशास्त्राच्या असिस्टंट प्रोफेसरची जाहिरात दिली आहे. माझे वरिष्ठ म्हणतात, ‘तिथे गेलीस तर संशोधन संपले.’ गेल्या वर्षी अशाच दोन कॉलेजांना अर्ज केले होते. दोन्हीकडून पहिल्या फेरीतच नकार आला. ही कॉलेजे नेमके काय पाहतात? पीएच.डी.आधी मी गोव्यातल्या एका कॉलेजात वर्षभर लेक्चर बेसिसवर शिकवले होते, पण ती नोकरी कायम नसल्यामुळे बायोडेटात घातलेली नाही.
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण दोन्ही नकारांचे मूळ मला तिथेच दिसते. लेक्चर बेसिसवरचे ते वर्ष ही तुमच्या अर्जातली सर्वांत मोलाची ओळ ठरली असती आणि नेमकी तीच तुम्ही गाळली. तासांवर पैसे मिळणाऱ्या नोकरीचा उल्लेख करायला आपल्याकडे संकोच वाटतो हे मी जाणतो. पण ती नोकरी कायम होती की नव्हती, याच्याशी निवड समितीला कर्तव्य नसते. पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर शिकवले, प्रश्नपत्रिका काढल्या, पेपर तपासले, एवढे तिला पाहायचे असते, आणि पोस्टडॉक करणाऱ्या अनेक अर्जदारांपाशी हाच अनुभव नसतो. मी अशा एका कॉलेजात चौदा वर्षे शिकवले आणि चार निवड समित्यांवर बसलो, म्हणून हे ठामपणे लिहितो.

‘लिबरल आर्ट्स’ या नावाने आपल्याकडे घोटाळा होतो, आणि ‘सायन्सची मुलगी आर्ट्स कॉलेजात कशाला?’ असे तुमच्या घरी कोणीतरी विचारणारच. हे कॉलेज म्हणजे साधारण दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची, बहुधा निवासी, चार वर्षांच्या पदवीची संस्था असते. तिथे जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलालाही इतिहास, तत्त्वज्ञान किंवा संगीताचे वर्ग करावे लागतात, आणि इतिहासाच्या मुलाला विज्ञानाचे. जीवशास्त्र विभागात बहुतेक वेळा आठ-दहा प्राध्यापक असतात, त्यामुळे वनस्पतींचा माणूस एकच असतो. तो मायकोरायझाचा तज्ज्ञ असला तरी त्याला वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र आणि परिसरशास्त्र शिकवावे लागते, पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राची एखादी तुकडी सांभाळावी लागते आणि विज्ञान न घेणाऱ्या मुलांसाठीही एखादा अभ्यासक्रम चालवावा लागतो. म्हणून जाहिरातीत अभ्यासक्रमांची जी नावे दिलेली असतात ती वरवर वाचू नका. त्यांतले कोणते तुम्ही उद्यापासून शिकवू शकता आणि कोणत्यासाठी तयारी लागेल, हे अर्जाच्या पत्रात स्पष्ट लिहा. दोन पानांच्या त्या पत्रात कॉलेजचे नाव बदलले की ते दुसरीकडे चालेल असे असेल, तर समितीला ते पहिल्या परिच्छेदातच कळते.

तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे निम्मे खरे आहे. तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात, वर्षाला पाच-सहा अभ्यासक्रम शिकवायचे असतात, प्रॅक्टिकलची तयारी पुष्कळदा स्वतःच करावी लागते आणि संशोधनाला सलग वेळ मिळतो तो उन्हाळ्यात. मात्र संशोधन संपते हे खरे नाही. साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम करण्याचा, निर्णय होतो, तेव्हा अध्यापनाइतकी कसून नसली तरी संशोधनाचीही झडती होतेच, आणि अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने मुख्यतः पदवीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांतल्या संशोधकांसाठी अनुदानाची वेगळी वाट ठेवली आहे. रसायनशास्त्राचे १९८९ चे नोबेल मिळवणारे थॉमस चेक हे आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे विद्यार्थी, आणि २०२० चे नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. दोन्ही कॉलेजे याच जातीची.

आता तुमच्या अकरा निबंधांविषयी. समिती ते मोजते, नाही असे नाही, पण त्यानंतर तिचा प्रश्न वेगळाच असतो : दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी जूनमध्ये तुमच्या प्रयोगशाळेत आली, तर ऑगस्टपर्यंत तिच्या हातून काय होईल? महागड्या यंत्राशिवाय किंवा शंभर जणांच्या गटाशिवाय ज्यांचे काम हलत नाही, त्यांची इथे पंचाईत होते. तुमचे तसे नाही. मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून पारदर्शक करायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या खुणा मोजायच्या, हे काम मन लावणारा विद्यार्थी थोड्याच दिवसांत शिकतो. ट्रिपॅन ब्लू हा नेहमीचा रंग घातक म्हणून नको असेल तर पेनाची शाई आणि व्हिनेगर यांवरही हा प्रयोग होतो. समितीतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला ही गोष्ट फार आवडेल. बहुतेक जमिनीवरच्या वनस्पतींत ही बुरशी सापडते, त्यामुळे कॉलेजच्या आवारातले गवतसुद्धा तुम्हाला पुरते. गोव्यातला सडा आणि तिथली प्रेअरी (गवताळ माळरान) यांची तुलना एका वाक्यात करा, पण योजना मात्र तिथल्याच मातीवर आखा. दर उन्हाळ्यात सड्यावर येऊन नमुने नेण्याच्या बेतावर संशोधन उभे केलेत, तर परवान्यांचा आणि खर्चाचा प्रश्न समितीला तुमच्याआधी सुचेल.

अध्यापनाविषयीच्या निवेदनात ‘मला शिकवण्याची मनापासून आवड आहे’ हे वाक्य नको. मी असे अर्ज शेकड्यांनी वाचले आणि हे वाक्य नसलेले फार थोडे निघाले. त्याऐवजी त्या लेक्चर बेसिसच्या वर्षातला एखादा फसलेला तास सांगा : मुलांना काय कळले नाही, ते तुम्हाला कशावरून लक्षात आले आणि पुढच्या तुकडीला तुम्ही काय बदलून शिकवले.

शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात. त्यांतले एक तरी तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या माणसाचे हवे, आणि गोव्यातल्या त्या कॉलेजचे विभागप्रमुख ते देऊ शकतील. फक्त त्यांना आधी फोन करून नीट समजावा. आपल्याकडे शिफारसपत्र आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला यांत फारसा फरक केला जात नाही. तीन ओळींचे तसे पत्र तिथे निंदेसारखे वाचले जाते.

उन्हाळा सरता सरता जाहिराती निघतात, नोव्हेंबरच्या सुमारास व्हिडिओवर मुलाखत होते आणि त्यातून निवडलेल्या तीन-चार जणांना एक-दोन दिवसांसाठी कॉलेजवर बोलावतात. त्या भेटीत पदवीच्या मुलांना कळेल असे संशोधनावरचे व्याख्यान आणि खऱ्या वर्गातला एक नमुना तास बहुधा असतोच. विद्यार्थ्यांबरोबरचे जेवणसुद्धा मुलाखतच असते, म्हणून त्याआधी दोन घास खाऊन घ्या. ताटातले मासे आणि प्रश्नांची उत्तरे दोन्ही सांभाळणे मला कधी जमले नाही. मुलांकडून समिती नंतर लेखी अभिप्राय घेते आणि तो गांभीर्याने वाचते; प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे न पाहता मागे बसलेल्या प्राध्यापकांकडे पाहून उत्तर देणारा एक अतिशय हुशार उमेदवार आम्ही याच कारणासाठी नाकारला होता. लग्न, मुलेबाळे, वय यांविषयी तिथे विचारत नाहीत. तुम्हीही आपण होऊन सांगण्याची गरज नाही. पगाराचे आणि उपकरणांचे बोलणे नेमणुकीचा देकार आल्यावर करायचे, पण सूक्ष्मदर्शक, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) आणि उन्हाळ्यात काम करणाऱ्या मुलांचे मानधन यांची यादी आजच करून ठेवा. व्हिसाचा प्रश्नही देकार आल्यावरच काढा. उच्च शिक्षणसंस्थांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक संख्येची मर्यादा लागू नसते.

प्रश्न : आमचे गोव्यातले कॉलेज लहान आहे आणि जीवशास्त्राची एक जागा भरायची आहे. वीस मिनिटांच्या मुलाखतीत उमेदवाराला शिकवता येते की नाही ते कळत नाही. नमुना तास ठेवला तर नियमात बसेल का?
— व्यवस्थापन मंडळाचे एक सदस्य

उत्तर : बसेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार शैक्षणिक गुण हे मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढे ठरवण्यापुरते असतात आणि निवड मुलाखतीवरूनच होते. त्या टप्प्यावर वर्गातल्या व्याख्यानातून किंवा सेमिनारमधून शिकवण्याची क्षमता पाहण्याची मोकळीकही तीत आहे. मात्र मुलाखतीच्या पत्रातच तसे कळवा, सर्वांना सारखा वेळ आणि एकच विषय द्या, आणि कुलगुरूंच्या प्रतिनिधींना व विषयतज्ज्ञांना आधीच सांगून त्या तासाला बसवा, म्हणजे पुढे कोणी तक्रार केली तर कागद तुमच्या बाजूने राहतील. विषय पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला घ्या; पेशीविभाजन चांगले, कारण कांद्याच्या मुळाचे टोक आणि सूक्ष्मदर्शक देऊन त्याच तासात उमेदवाराचा प्रॅक्टिकलमधला हातही पाहता येतो. आणि समोर शिक्षकांना विद्यार्थी म्हणून बसवू नका. पहिल्या वर्षाची दहा-पंधरा खरी मुले बसवा, आणि त्यांत शेवटच्या बाकावर बसणारीही दोन-तीन असू द्या.