वाचकांचे प्रश्न : रग्बी लीग बडोद्यात रुजेल का?

प्रश्न : मी मांजलपूर भागातील एका शाळेत व्यायामशिक्षक आहे. माझा पुतण्या काही वर्षे सिडनीत होता. परतताना तो रग्बी लीगचा चेंडू घेऊन आला आणि आम्ही दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर हा खेळ सुरू केला. पहिल्या महिन्यात चाळीस मुले येत होती, आता पंधरा-सोळा उरली आहेत. पालकांचे म्हणणे असे की, एखादा देणगीदार शोधून गणवेश शिवावेत, चांगला संघ बांधावा आणि मुलांना बाहेरगावी सामन्यांना न्यावे, म्हणजे नाव होईल आणि मुले आपोआप येतील. ज्या खेळाचे नावही गावाला ठाऊक नाही तो रुजवायचा, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : गणवेश, देणगीदार आणि प्रवास हे तिन्ही विचार आपण निदान दोन वर्षे बाजूला ठेवावेत, आणि सायकलवरून वीस मिनिटांत पोहोचता येईल अशा अंतरावर मुलांचा दुसरा गट उभा करण्यासाठी आपली सारी शक्ती लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळीस मुलांची सोळा झाली, कारण त्यांना आपापसांतच खेळावे लागते. ज्याला प्रतिस्पर्धी नाही अशा संघात मुलाचे मन फार दिवस रमत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे. मुंबई-कोलकात्याच्या जुन्या क्लबांत रुजलेली रग्बी वेगळी. तिला रग्बी युनियन म्हणतात आणि तिच्या पूर्ण सामन्यात एका बाजूला १५ खेळाडू असतात. लीगमध्ये १३ असतात. चेंडू हाताने देताना तो पुढे टाकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. चेंडू असलेल्या खेळाडूला पकडून रोखले की खेळ क्षणभर थांबतो, तो खेळाडू उठून चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सरकवतो आणि त्याचा साथीदार पुढची चाल सुरू करतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. कबड्डी जाणणाऱ्या माणसाला यातील गाभा लगेच कळतो : समोर रक्षकांची रांग, एक जण अंगावर चालून येणारा आणि त्याला पकडून थोपवण्याचे कसब.

हा खेळ कसा जन्मला, हे आपल्या कामाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी कामावर खाडा करत, आणि त्या बुडालेल्या रोजाची भरपाई म्हणून त्यांना सहा शिलिंग द्यावेत, अशी तिकडच्या क्लबांची मागणी होती. ती रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेने फेटाळली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब एकत्र जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली. खेळाडूंची संख्या १९०६ मध्ये १३ झाली. सिडनीत १९०८ साली पहिला हंगाम झाला तो तेथील कामगारवस्त्यांच्या संघांमध्ये, आणि एकमेकांच्या शेजारच्या या वस्त्यांची चुरस हेच त्या खेळाचे बळ ठरले. आपल्याकडे मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणारी मुले असतील, तर सरावाचा दिवस त्यांच्या सुट्टीप्रमाणे ठरवावा. या खेळाच्या मूळ प्रकृतीला ते धरूनच होईल.

आता आपल्या पालकांच्या सूचनेकडे वळतो, कारण तिचा मोह मोठमोठ्या संस्थांनाही आवरलेला नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये १९९६ साली पॅरिसचा एक संघ घालण्यात आला. पहिल्याच सामन्याला सतरा हजारांवर प्रेक्षक आले. मात्र दोन हंगामांत तो संघ बंद पडला, कारण त्याच्या पाठीशी पॅरिस शहरात खेळणारी मुले, शाळा, मोहल्ल्यांचे क्लब असे काहीच नव्हते. कॅनडातील टोरंटो वुल्फपॅकची गोष्ट याहून बोलकी आहे. या संघाने २०१७ साली पहिला हंगाम खेळला, धनवान मालक लाभला, प्रेक्षकही उत्साहाने आले, पण खेळाडू जवळजवळ सगळे बाहेरचे आणि नेहमीचे प्रतिस्पर्धी अटलांटिक महासागराच्या पलीकडे. २०२० मध्ये महामारीने प्रवास थांबवला, पैसा आटला आणि संघाने हंगामाच्या मध्यातच माघार घेतली. त्या प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण रविवारी खेळायला शेजारी लागतो आणि तो त्यांना नव्हता.

याउलट दक्षिण फ्रान्सकडे पाहावे. तेथे १९३४ साली झाँ गालिया या खेळाडूच्या पुढाकाराने रग्बी लीग सुरू झाली, लहान लहान गावांत तिचे क्लब निघाले आणि काही वर्षांतच ती युनियनची तुल्यबळ स्पर्धक ठरली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने १९४१ मध्ये या खेळावर बंदी घालून त्याची मालमत्ता जप्त केली. इतके होऊनही युद्धानंतर त्याच गावांनी तो पुन्हा उभा केला आणि १९५१ साली फ्रान्सने ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका जिंकली. पर्पिन्याँचा कॅटलान्स ड्रॅगन्स हा संघ २००६ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये आला आणि २०१८ साली चॅलेंज चषक ही तिकडची मानाची बाद फेरीची स्पर्धा जिंकणारा इंग्लंडबाहेरचा पहिला संघ ठरला. पॅरिसमध्ये जे साधले नाही ते पर्पिन्याँमध्ये साधले, कारण तेथे संघाच्या आधी सत्तर वर्षे गावोगावचे क्लब होते. पापुआ न्यू गिनी हे तर आणखी मोठे उदाहरण. ऑस्ट्रेलियन माणसांनी नेलेला हा खेळ तेथील खेड्यापाड्यांत इतका भिनला की, आज तो त्या देशाचा राष्ट्रीय खेळ मानला जातो.

म्हणून आपण पुढील प्रकारे चालावे असे मला वाटते. जवळच्या एखाद्या शाळेतील किंवा व्यायामशाळेतील कबड्डीच्या शिक्षकांना भेटावे, आपल्या सोळांतील चार मोठी मुले त्यांच्याकडे शिकवायला पाठवावीत, आणि एक चेंडू त्यांना देऊन टाकावा. आपली चार चांगली मुले प्रतिस्पर्ध्याला द्यायची, हे जड जाईल. पण त्याखेरीज दुसरा संघ उभा राहत नाही. पूर्ण मैदान १०० मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. ते मिळण्याची वाट पाहू नये. सिडनीच्या साउथ सिडनी भागात १९६०च्या दशकात सरावासाठी स्पर्शाचा जो प्रकार निघाला, त्यात पकडीऐवजी नुसता हात लावायचा असतो, एका बाजूला सहा खेळाडू असतात आणि सहा स्पर्शांनंतर चेंडू जातो. त्याला ७० बाय ५० मीटरची जागा पुरते आणि लहान मुलांसाठी त्याहूनही कमी चालते. फक्की मारून चार रेषा आखल्या की काम भागते.

वेळापत्रकाचा विचार आपल्या पत्रात नाही, पण बहुतेक नवे खेळ आपल्याकडे येथेच अडखळतात. पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरतात, नवरात्रात एकही मूल रात्री झोपलेले नसते, फेब्रुवारीनंतर परीक्षा आणि त्यामागोमाग असह्य ऊन. दिवाळीनंतरचा पहिला रविवार ते जानेवारीअखेर एवढाच आपला हंगाम धरावा, आणि त्यातही उत्तरायणाच्या आठवड्यात सामना ठेवू नये, कारण पतंगांपुढे कोणताही चेंडू टिकणार नाही. इंग्लंडने स्वतः १९९६ साली शंभर वर्षांचा हिवाळी हंगाम मोडून उन्हाळी केला. तेव्हा आपण आपल्या हवामानाप्रमाणे दिवस ठरवण्यात काही गैर नाही.

सर्वांत अवघड गोष्ट पंचाची आहे. मुले उत्साहाने येतात, शिक्षकही मिळतात. परंतु शिट्टी घेऊन उभा राहणारा, दोन्ही बाजूंना परका आणि दोन्ही बाजूंना मान्य असा माणूस मिळत नाही, म्हणून पहिल्या वादातच दोन गट तुटतात. आपण स्वतः शिकवता, तेव्हा सामन्यात पंच होऊ नये. या खेळाचे नियम मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत प्रत्येकी दोन पानांत लिहून काढावेत आणि दोन्ही गटांनी एकत्र बसून ते वाचावेत.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी अकोट्यातील मैदानावर मुलांबरोबर हाच खेळ खेळू लागली आहे. तिचा आनंद पाहून नाही म्हणवत नाही, पण डोक्याला मार लागण्याची भीती वाटते. खेळू द्यावे का?

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. तिला खेळू द्यावे, पण या वयात पकडीचा खेळ नको. कमरेच्या दोन्ही बाजूंना कापडी फिती लावायच्या आणि फीत ओढून काढली की पकड झाली असे मानायचे, असा एक प्रकार जगभर मुलांसाठी वापरला जातो. फिती घरी जुन्या ओढणीच्याही करता येतात. त्या झटक्यासरशी सुटतील अशा लावाव्यात, गाठ मारू नये. धावणे, चुकवणे, मागे चेंडू देणे हे सारे त्यात शिकता येते, आणि इंग्लंडमध्येही लहान वयोगटांत मुलेमुली एकत्र खेळतात.

पुढे पकड शिकवली जाईल तेव्हा शिकवणाऱ्याला एकच गोष्ट विचारावी : मुलांचे डोके कोठे ठेवायला शिकवता? पकडणाऱ्याचे डोके धावणाऱ्याच्या अंगाच्या बाजूला किंवा मागे राहिले पाहिजे, त्याच्या वाटेत कधीही येता कामा नये. आपल्याकडच्या मुलांना कबड्डीतील घोट्याच्या पकडीची सवय असते, त्यात डोके खाली झोकून सूर मारला जातो. वेगाने धावत येणाऱ्या खेळाडूपुढे ती सवय धोकादायक आहे आणि ती आधी मोडावी लागते. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज नंतरही नाही. हा नियम शिक्षकांना मान्य नसेल, तर मुलीला घरी आणावे.

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहणारा सत्तरीतला वाचक. तरुणपणी खो-खो खेळलो आणि पुढे पंच म्हणून वीस वर्षे काम केले. ज्या शहरात माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर घडवले, त्या शहराने परदेशी खेळ कशाला रुजवावा? आपले खेळ मरत असताना हा उद्योग कशासाठी?

उत्तर : आपल्या तळमळीबद्दल मला आदर आहे, आणि खो-खोचे मैदान काढून तेथे रग्बीचे खांब रोवायचे असते तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो. पण या शहराचाच इतिहास आपल्याला थोडे वेगळे सांगतो. हुतूतू हा गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ. त्याचे नियम १९२३ साली छापून काढले ते बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थेने. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला आपले खेळ नेऊन दाखवले. कबड्डी १९९० मध्ये आशियाई स्पर्धांत आली आणि २०१८ साली जकार्त्यात इराणच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी भारताला हरवून दाखवले. त्या पराभवाचे दुःख मलाही झाले, पण कोणा इराणी शिक्षकाने परक्या देशाचा हा खेळ आपल्या मुलांना मनापासून शिकवला म्हणूनच ते घडले. आपला खेळ दुसऱ्याच्या अंगणात वाढावा असे आपल्याला वाटत असेल, तर दुसऱ्याच्या खेळाला आपल्या अंगणाचा एक कोपरा देण्यास हरकत नसावी. शिवाय रग्बी लीग शिकणाऱ्या मुलाला चांगला कबड्डीपटूच पकड शिकवू शकतो, आणि ऐन वेगात दिशा बदलून हुलकावणी देण्याची कला खो-खोच्या पळतीइतकी दुसरीकडे क्वचितच घोटली जाते. मैदान सामायिक असले तर मुले दोन्हीकडे जातील.

एक विनंती मात्र करतो. वर मांजलपूरच्या ज्या शिक्षकांचे पत्र आहे, त्यांना दोन्ही गटांना परका असलेला एक अनुभवी पंच हवा आहे. नियम दोन पानांचे आहेत आणि आपल्याला ते एका संध्याकाळी पाठ होतील. आपण संमती कळवल्यास आपला पत्ता त्यांच्याकडे पोहोचवण्याची व्यवस्था आम्ही करू. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता त्यांना आपली वाट पाहता येईल.