आजीला डिमेंशिया झालाय. ती नागपुरात, मी बंगळुरात. लांबून मी काय करू शकते?

तुम्ही लिहिलंय की आजी हल्ली फोनवर तुम्हाला ओळखत नाही, घरी तिचं सगळं आई एकटी करते, आणि नोकरी सोडून नागपूरला परत यावं का हा विचार डोक्यातून जात नाही. माझे आबा नागपुरातच, महाल भागात राहायचे, मी पुण्यात नोकरीला. त्यांचं हे आजारपण सहा वर्षं चाललं.

"ओळख बरं मी कोण?" हे विचारणं आजपासून बंद करा, आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही विचारू देऊ नका. सगळे प्रेमानेच विचारतात, मीही विचारायचो. व्हिडिओ कॉलवर आबा आधी माझ्याकडे बघायचे, मग हळूच आमच्या आजीच्या तोंडाकडे, ती ओठ हलवून काही सांगते का म्हणून. शेवटी म्हणायचे, "आपलाच आहे." माझं नाव आठवलं नाही याचं मला वाईट वाटायचं. त्यांना किती ओशाळं होत असेल, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. फोन लागला की स्वतःच सांगा, "आजी, मी तुझी नात बोलतेय," आणि लगेच तिच्या ओळखीच्या गोष्टीवर या. डिमेंशियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. त्यात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या बराच काळ टिकतात. सकाळी काय जेवलीस विचारलं तर ती अडखळेल. वडाभाताला वडे कसे करायचे ते विचारा, कदाचित बोलत सुटेल. आणि फोन सकाळी करा, संध्याकाळी अशी माणसं जास्त अस्वस्थ होतात.

आबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल केव्हाच बंद पडली, त्या जागी आता मॉल आहे. पण आबांसाठी भोंगा रोज वाजायचा. दुपारचे दोन वाजले की टोपी घालून दारात उभे. "डबा झाला का? उशीर होऊन राहिला." आम्ही सांगायचो, आबा, मिल बंद झाली. त्यांना ते दर वेळी नव्याने कळायचं. रोज नोकरी जायची त्यांची. एकदा मे महिन्याच्या उन्हात निघूनच गेले. शुक्रवारी तलावाजवळच्या एका पानठेलेवाल्याने सावलीत बसवून ठेवलं, पाणी पाजलं, म्हणून सापडले. त्यानंतर काकूने त्यांच्या प्रत्येक बंडीला आतून फोन नंबरची पट्टी शिवली. तुमच्या आजीच्या कपड्यांनाही तशी पट्टी आजच शिवायला सांगा.

तोड शेवटी आमच्या आजीनेच काढली. तिने वाद घालणं सोडलं आणि खरंच डबा भरून द्यायला लागली: दोन पोळ्या, झुणका, फोडलेला कांदा. "आज पाळी बदलली. जेवून घ्या, मग जा." अंगणात कडुनिंबाखाली बसून आबा जेवायचे, आणि जेवण होईस्तोवर जायची घाई विरून जायची. एका दिवाळीत तो डबा मी दिला. वर बघून म्हणाले, "नवीन लागला का खात्यात?" मी म्हटलं, "हो जी, आजच." त्यांनी अर्धी पोळी मोडून माझ्या हातावर ठेवली, आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा कडक आहे ते सांगत बसले. आमचं इतकं चांगलं बोलणं दोन वर्षांत झालं नव्हतं.

"वय झालं, असं होतंच" म्हणत आम्ही डॉक्टरकडे जायला दीड वर्ष घालवलं. तुम्ही तसं करू नका. व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या. यांतल्या बिघाडानेही विसरणं वाढतं, आणि त्यावर उपाय आहेत. दोन-तीन दिवसांत आजी एकदम भलतंच बोलायला लागली तर आजार वाढला समजून बसू नका. लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं, लगेच दाखवा. गोळ्यांनी लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात, आजार जात नाही. हे आईला स्पष्ट सांगा, नाहीतर आपलंच काही चुकतंय असं ती समजत राहील.

नोकरी मी सोडली नाही. माझ्या पगारातून आबांसाठी रात्रीचा माणूस ठेवला, तेव्हा कुठे काकूला सलग झोप मिळायला लागली. औषधं मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, पेन्शनचा हयातीचा दाखला, हे सगळं मी पुण्याहून बघायचो. आजीला समजतंय तोवर बँकेची कामं, सह्या मार्गी लावा, पुढे फार अडतं. आईला रोज फोन करा, पण पहिला प्रश्न आजीचा नको. काकू एकदा रडत म्हणाली होती, "सगळे आबांचंच विचारतात." तुम्हा दोघींपैकी कुणालाही असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

सुट्टी मिळाली की या, आणि आईला चार दिवस माहेरी किंवा तिला जावंसं वाटेल तिथे पाठवा. रात्री आजीशेजारी तुम्ही झोपा. बाथरूमचा दिवा चालू ठेवा, बाहेरच्या दाराची वरची कडी लावा. आजी मध्येच उठून चालायला लागली तर कुठे निघालीस विचारू नका, तिचा हात धरा आणि घरातल्या घरात सोबत दोन फेऱ्या मारा.